कॉलेज सुरू व्हायच्या आधी काय तयारी करायची: अठराव्या वर्षी मला जे कोणी सांगितलं नाही ते

शाळेचा शेवटचा रिझल्ट लागला आणि कॉलेज सुरू व्हायला अजून काही आठवडे होते. त्या मधल्या दिवसांत मी नवीन बॅग घेतली, सहा वह्यांना कव्हरं घातली, पहिल्या वर्षाच्या पुस्तकाची पहिली चार प्रकरणं वाचून काढली आणि मला वाटलं झाली तयारी. पुढच्या तीन महिन्यांत यातलं जवळपास काहीच कामाला आलं नाही. लागलं ते वेगळंच: नीट स्कॅन केलेली कागदपत्रं, अभ्यासाची निराळी पद्धत, आणि सगळ्यात जास्त म्हणजे "मला हे कळलं नाही" असं समोरच्याला वेळेत सांगता येणं.

शाळेत कोणीतरी सारखं मागे लागलेलं असतं, वही दाखव, फॉर्म भरला का, कालचा धडा समजला का. कॉलेजात असं मागे लागणारं कोणी नसतं. माहिती सगळी असते, नोटीस बोर्डावर असते, वेबसाइटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असते, एखाद्या सिनियरच्या डोक्यात असते, पण आपण विचारल्याशिवाय ती आपल्यापर्यंत चालत येत नाही. मला हे कळेपर्यंत अख्खी पहिली सेमिस्टर गेली. तुझी जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्या स्टेप्स मागेपुढे झाल्या तरी चालतील पण पहिली मात्र पहिलीच कर.

१. कागदपत्रांची फाईल, आणि ती आजच

एक जाड फाईल घे, प्लास्टिकचे कप्पे असलेली. त्यात हे लागेल:

- सगळ्या बोर्ड परीक्षांच्या मार्कशीट आणि सर्टिफिकेट
- शाळा सोडल्याचा दाखला
- जन्मदाखला आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र
- पत्त्याचा पुरावा
- पासपोर्ट साइज फोटो, एकाच दिवशी काढलेले, दहा-बारा तरी, आणि त्याच फोटोची सॉफ्ट कॉपी
- स्कॉलरशिप किंवा फी-सवलत मागणार असशील तर घरच्या उत्पन्नाचा दाखला
- बँक पासबुकचं पहिलं पान
- ॲडमिशनचं पत्र आणि फी भरल्याच्या पावत्या, सगळ्या

आता यातला खड्डा सांगते. सगळे कागद समोर पसरून बस आणि प्रत्येकावरचं आपलं नाव अक्षर-अक्षर जुळवून बघ. माझ्या एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव होतं आणि दुसऱ्यावर फक्त त्याचं पहिलं अक्षर. घरात कोणालाच हे कधी खटकलं नव्हतं. स्कॉलरशिपच्या फॉर्मला दोन्ही जोडले, फॉर्म "नाव जुळत नाही" म्हणून परत आला, दुरुस्तीची धावपळ सुरू केली तोपर्यंत शेवटची तारीख निघून गेली आणि त्या वर्षीची स्कॉलरशिप गेली ती गेलीच. नाव, आडनाव, जन्मतारीख, स्पेलिंग यात एका अक्षराचा जरी फरक दिसला तरी सुट्टीतच दुरुस्तीला टाक, कारण या कामाला किती चकरा लागतील ते आपल्या हातात नसतं आणि लेक्चर सुरू झाल्यावर चकरा मारायला वेळ मिळत नाही.

मग स्कॅन. मोबाईलने घाईत काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो देऊ नकोस, नीट ३०० डीपीआयला (स्कॅन किती बारीक आणि स्पष्ट येतं त्याचं माप) स्कॅन कर. ऑनलाइन फॉर्मला साइजची मर्यादा असते आणि ती प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणून मूळ मोठी फाईल तशीच ठेवायची आणि तिची लहान कॉपी वेगळ्या नावाने बनवायची. मूळ फाईलच लहान करून बसलं की नंतर कोणी स्पष्ट कॉपी मागितली तर परत सगळं पहिल्यापासून. फाईलच्या नावात तारीख घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिही, म्हणजे फोल्डरमध्ये त्या आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

कॉप्या किती ठेवायच्या? कॉम्प्युटरवाले एक साधा नियम वापरतात: तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, म्हणजे आपल्यासाठी क्लाउडवर. एक पेन ड्राइव्ह, एक लॅपटॉप किंवा घरातला कॉम्प्युटर, एक क्लाउड. झालं.

अजून दोन गोष्टी. ओरिजिनल कागद कुठेही जमा करायची वेळ आली तर आधी विचार, कॉपी चालेल का. चालत नसेल तर जमा केल्याची सही-शिक्क्याची पावती घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नकोस. आणि ईमेल आयडी स्वतःचा, साध्या नावाचा बनव. कॉलेज देईल तो आयडी कॉलेजच्या कामाला ठेव पण आपली कागदपत्रं, बँक, फोटो यातलं काहीही त्याला जोडू नकोस, कारण बरीच कॉलेजं पास झाल्यावर तो आयडी बंद करतात.

२. अभ्यासक्रम वाचायच्या आधी नियम वाच

मी पुस्तकाची चार प्रकरणं वाचली होती आणि परीक्षा कशी होते तेच वाचलं नव्हतं. कॉलेजचं नियमांचं पुस्तक किंवा पीडीएफ शोध आणि यात एवढंच बघ: अटेंडन्स किती टक्के लागतो, कमी पडला तर काय होतं, इंटर्नल किती मार्कांचं आणि फायनल किती, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं की बेरीज चालते, नापास झालं तर परत कधी बसता येतं, विषय बदलायची मुदत कधी संपते.

बेरीज चालते की वेगळं पास व्हावं लागतं, हा प्रश्न अगदी पहिल्या आठवड्यात विचार. समज इंटर्नल ३० चं आहे आणि फायनल ७० चं. वर्षभर थोडंथोडं करून इंटर्नलला २४ मिळाले आणि बेरजेत ४० ला पास असेल तर फायनलला १६ पुरतात. तेच इंटर्नल ६ वर राहिलं तर फायनलला ३४ लागतात. म्हणजे फायनलच्या रात्रीचं टेन्शन खरं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच ठरलेलं असतं. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं ते परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

सगळ्या विषयांच्या तारखा मिळाल्या की एका मोठ्या कागदावर अख्खी सेमिस्टर आखून भिंतीला लाव. फोनमध्ये पण टाक, पण भिंतीवर असलेलं बरं, कारण एकाच आठवड्यात तीन सबमिशन आलेत हे लांबूनच दिसतं.

३. अभ्यासाची पद्धत बदल, तास वाढवू नकोस

ही स्टेप सगळ्यात महत्त्वाची वाटते मला म्हणून जरा सावकाश सांगते.

पहिल्या इंटर्नलला जीवशास्त्रात क्रेब्स सायकल होतं, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या रासायनिक क्रियांचं चक्र. मी तो भाग पाच वेळा वाचला होता आणि हायलायटरने पान इतकं पिवळं केलं होतं की पांढरी ओळ शोधावी लागायची. पुस्तक समोर असलं की सगळं ओळखीचं वाटायचं. पेपरात आलं, सायकल काढा. ॲसिटाइल को-ए आणि ऑक्झॅलोॲसिटेट एकत्र येऊन सायट्रेट तयार होतं, इथपर्यंत बाण काढला आणि पुढे हात थांबला. पुढचं रेणू-नाव मला पुस्तकात कुठल्या कोपऱ्यात आहे ते डोळ्यासमोर दिसत होतं, नाव मात्र आठवत नव्हतं. ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षेत दुसरी लागते.

नंतर यावर वाचलं तेव्हा कळलं की हे सगळ्यांचंच होतं. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून किती वेळात किती विसरतो ते मोजलं होतं आणि १८८५ मध्ये ते छापलं, विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं हे त्यात दिसलं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, पण आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. म्हणून तर वाचून झाल्या झाल्या आपल्याला वाटतं सगळं येतंय. आणि २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, त्यात हायलाइट करणं आणि परत परत वाचणं कमी उपयोगाच्या गटात गेलं, स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं सगळ्यात वरच्या गटात.

मी दुसऱ्या सेमिस्टरपासून जे करायला लागले ते असं:

लेक्चर झालं त्याच दिवशी, दहा मिनिटं, कोरा कागद. वही बंद. आज काय शिकवलं ते आठवेल तसं लिहायचं, आकृती आठवली तर आकृती. मग वही उघडायची आणि जे सुटलं ते वेगळ्या रंगाने भरायचं. त्या रंगातलं जे आहे तोच आपला खरा अभ्यास, बाकीचं येतंय. दोन दिवसांनी परत कोरा कागद, आठवड्याने परत, महिन्याने परत. दर वेळी वेगळ्या रंगातलं कमी होत जातं आणि ते कमी होताना बघून जो धीर येतो तो पुस्तक पिवळं करून येत नाही.

वहीचं पान आखून घ्यायची एक जुनी पद्धत आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी विद्यार्थ्यांसाठी बसवलेली. उजवीकडे रुंद भाग नोट्सना, डावीकडे अरुंद पट्टी प्रश्नांना, खाली दोन-तीन ओळींची जागा थोडक्यात लिहायला. डावीकडे प्रश्न लिहून ठेवले की उजवी बाजू हाताने झाकायची आणि स्वतःला विचारायचं. मला हीच जमली. तुला फ्लॅशकार्ड जमत असतील तर अँकी नावाचं ॲप आहे, कुठलं कार्ड कधी परत दाखवायचं ते तेच ठरवतं.

सुट्टीत पुढचं पुस्तक वाचण्यापेक्षा शाळेतलाच एखादा न आवडलेला धडा घेऊन ही पद्धत दोन आठवडे करून बघ. सवय आधी बसली पाहिजे, कॉलेजच्या गडबडीत नवीन सवय लावायला जमत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका मात्र पहिल्या महिन्यातच मिळव. शेवटी सोडवायला म्हणून ठेवतात सगळे, पण कुठल्या प्रकारचे प्रश्न येतात हे आधी कळलं तर लेक्चरमध्येच कान उभे राहतात.

४. "कळलं नाही" हे म्हणायची प्रॅक्टिस

स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्याच आठवड्यात स्टँडर्ड डेव्हिएशन आलं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप. सरांनी फळ्यावर लिहिलं, नमुन्यासाठी एनने, म्हणजे आकडे जितके आहेत त्या संख्येने भागायचं नाही, एन वजा एकने भागायचं. का, ते एका वाक्यात सांगून पुढे गेले. वर्गात सगळ्यांनी मान हलवली, मी पण हलवली. मग तीन आठवडे प्रत्येक नवीन सूत्रात तो वजा एक यायचा आणि दर वेळी मला वाटायचं की आता विचारलं तर सर म्हणतील हे तर पहिल्या आठवड्यातलं आहे. त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत मी तीनदा जाऊन परत आले.

चौथ्या आठवड्यात गेले. सरांनी कागदावर पाच चौकोन काढले आणि म्हणाले, सरासरी १० यायला पाहिजे, पहिल्या चार चौकोनांत तुला हवे ते आकडे लिही. मी ७, १२, ९, १४ लिहिले. म्हणाले, आता पाचवा लिही. बेरीज ५० व्हायला हवी, चारांची ४२ झाली, म्हणजे पाचवा ८ च. तो माझ्या मर्जीचा राहिलाच नाही. "सरासरी याच आकड्यांवरून काढली ना, त्यामुळे एक आकडा आपोआप बांधला गेला, मोकळे चारच राहिले." आणि मग पुढचं, की आकडे स्वतःच्या सरासरीच्या जवळच बसतात, खऱ्या सरासरीपासूनचं अंतर त्याहून जास्तच असतं, म्हणून पाचाने भागलं तर उत्तर थोडं कमी येतं आणि चाराने भागून ते सावरून घेतात. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. या दहा मिनिटांसाठी मी तीन आठवडे सूत्रं नुसती पाठ करत होते.

तो कागद माझ्याकडे अजून आहे.

विचारायला जाताना कसं जायचं ते पण सांगते कारण "सर मला काही कळलं नाही" असं म्हटलं की समोरच्यालाही कुठून सुरू करू कळत नाही. तीन गोष्टी कागदावर लिहून न्यायच्या. कुठल्या ओळीपर्यंत कळलं. नेमकं कुठे अडलं. सोडवायचा प्रयत्न केला असेल तर तो, चुकीचा असला तरी. वेळ आधी विचारून जा, लेक्चर संपल्या संपल्या दारात गाठलं तर बिचाऱ्यांना पुढच्या वर्गावर जायचं असतं. ईमेल करायची असेल तर विषयाच्या ओळीत वर्ग आणि विषय लिही, पहिल्याच वाक्यात नाव आणि रोल नंबर, मग प्रश्न, चार-पाच ओळींत संपव.

काही जण तुटक उत्तर देतील. असं झालं तर तोच प्रश्न दुसऱ्या सरांना, मॅडमना, सिनियरला, वर्गातल्या कोणाला विचार. एका माणसाने झटकलं म्हणून प्रश्न चुकीचा होत नाही.

५. शिकवायची भाषा बदलणार असेल तर

शाळा एका भाषेत आणि कॉलेज दुसऱ्या भाषेत असं होणार असेल तर एक छोटी वही फक्त शब्दांसाठी ठेव. डावीकडे नवीन शब्द, उजवीकडे आपल्या भाषेत तो आपण कसा समजून घेतला ते, डिक्शनरीतला अर्थ उतरवायचा नाही. दर विषयातले साधारण पन्नास-साठ शब्द सारखे येतात, ते बसले की अर्धी भीती जाते. विषय येत नाही असं वाटत असतं पण बऱ्याचदा फक्त शब्द अनोळखी असतो. मला वर्गात अशा हुशार मुली आठवतात ज्या भाषेमुळे गप्प बसायच्या आणि त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं की आपल्याला येत नाही. हे तुझ्या बाबतीत होऊ देऊ नकोस.

६. लॅपटॉप आणि बाकी सामान

घाई करू नकोस. कुठल्या डिपार्टमेंटला कुठलं सॉफ्टवेअर लागतं ते सिनियर्सना विचारून मग लॅपटॉप घे, पहिले काही आठवडे कॉलेजच्या लॅबवर निघतात. पुस्तकंही तशीच, आधी लायब्ररीतून आणून बघ, जे सारखं उघडावं लागतंय तेच विकत घे. सुट्टीत शिकून ठेवण्यासारख्या दोन गोष्टी म्हणजे न बघता टायपिंग आणि स्प्रेडशीटमध्ये बेरीज, सरासरी, आलेख एवढं जमणं. लिबरऑफिस फुकट आहे, त्यावर शिकता येतं.

प्रोजेक्ट लिहिताना कुठून काय घेतलं ते पहिल्या दिवसापासून नोंदवत जा, झोटेरो नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याच कामाचं आहे. शेवटच्या रात्री संदर्भ शोधत बसलं की नकळत दुसऱ्याची वाक्यं आपली म्हणून जातात आणि चोरीचा ठपका बसतो, मग मुद्दाम केलं नव्हतं हे कोणी ऐकून घेत नाही.

७. झोप, पैसे, स्वतःची कामं

अठरा ते पंचवीस वयात रात्री सात ते नऊ तास झोप लागते. रात्र जागून केलेला अभ्यास सकाळी हातात राहत नाही कारण वाचलेलं पक्कं व्हायचं बरंचसं काम झोपेतच होतं. जागण्यासाठी कॅफिन घेत असशील तर एवढं लक्षात ठेव, की त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी घेतलेलं झोपायच्या वेळेला अजून आत असतं.

पैशांचं एकच सांगते, पहिला महिना रोजचा खर्च लिहून काढ. बजेट नंतर, आधी जातात कुठे ते दिसू दे. शिक्षणासाठी कर्ज घेतलं असेल तर व्याज कुठल्या दिवसापासून चढतं आणि हप्ता कधी सुरू होतो हे दोन प्रश्न सही करायच्या आधी स्वतः विचार, मोठ्यांवर सोडू नकोस, फेडायचं तुलाच आहे. घराबाहेर राहणार असशील तर कपडे धुणं, साधं काहीतरी रांधणं, डॉक्टरकडे एकट्याने जाऊन काय होतंय ते नीट सांगणं हे सुट्टीतच करून बघ.

८. पहिल्या सेमिस्टरला आपटी बसली तर

बसू शकते. चांगल्या मार्कांनी आलेल्यांना पण बसते. त्या वेळी काय करायचं ते आधीच माहीत असावं म्हणून हे शेवटी ठेवलं.

रिझल्ट लागला त्याच दिवशी तीन तारखा शोधायच्या: उत्तरपत्रिकेची कॉपी मागायची शेवटची तारीख, फेरतपासणीची शेवटची तारीख, परत परीक्षेला बसायचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. या मुदती लहान असतात, रडण्यात आणि लपवण्यात निघून जातात. दुसऱ्या दिवशी त्या विषयाच्या सरांना किंवा मॅडमना भेटायचं, उत्तरपत्रिका मिळत असेल तर ती घेऊन, आणि मार्क कुठे गेले ते बघायचं. आणि घरी त्याच संध्याकाळी सांगायचं.

मी गणितात नापास झाले आणि अकरा दिवस घरी बोलले नाही. रोज ठरवायचे आज सांगू, रोज राहून जायचं. बाराव्या दिवशी रात्री बाबांना सांगितलं, ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, "परत फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?" मी फोनवर नोटीस उघडली. तारीख दोन दिवसांपूर्वीची होती.